जालन्यातला समुद्र

"आणि मासे कुठंयत?" शेजारच्या शेखबाईंनी काचेला जवळजवळ नाक टेकवून विचारलं.

"यायचेत," मी म्हणाले.

"कधी?"

"अजून चार आठवड्यांनी."

त्यांनी एकदा टँककडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. टँकमध्ये पाणी होतं, तळाला पांढरी वाळू होती आणि सात ओबडधोबड दगड होते. पंप घरघरत होता, वर दिवा लावलेला होता. एवढा थाट, आणि आत हलणारं काही नाही.

"मग तोवर दगडच पाळलेत का भाभी?"

मी हसले. कचेरीतून नुकतीच आले होते, पायातली चप्पलसुद्धा निघायची होती, आणि हा विनोद करणाऱ्या त्या आठवड्यातल्या त्या चौथ्या होत्या. स्वयंपाकघरातून आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, भर घातली, "दगड बरे माय. खायाला मागत न्हाईत."

हे, म्हणजे माझे यजमान दिगंबरराव, टँकसमोर स्टुलावर बसून काचेच्या नळीत औषधाचे थेंब मोजत होते. कानातलं मशीन बाजूला काढून ठेवलेलं, त्यामुळे यातलं काहीच त्यांना ऐकू गेलं नाही. बरंच झालं.

या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली. जालन्यात तेव्हा आमच्या भागात नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. भाजी धुतलेलं पाणी झाडाला आणि कपड्यांचं पाणी संडासाला असा आमचा हिशेब. अशा घरात मी समुद्र आणून ठेवला होता. हौस म्हणून नव्हे. हौस करायला अंगात त्राण लागतं. पहाटे पाचला उठायचं, डबे, आत्याबाईंच्या गोळ्या, मग तहसील कचेरीत दिवसभर आवक-जावक, परत आलं की पुन्हा चूल. रविवारी मी नुसती भिंतीकडे बघत बसायची, आणि तेवढंसुद्धा कुणी बसू द्यायचं नाही.

यांनी एकतीस वर्षं सळ्यांच्या मिलमध्ये काढली. त्या धडधडाटानं दोन्ही कान गेले. मशीन लावलं तर डाव्या कानानं थोडं यायचं. पण बहिऱ्या माणसाला स्वतःचा आवाज मापता येत नाही. पुतणीच्या लग्नात यांनी मायेनं नवरीला "जेवलीस का?" म्हणून विचारलं, ते एवढ्या मोठ्यानं की सगळा मांडव वळून बघायला लागला. नवरीच्या मैत्रिणी तोंडाला पदर लावून हसल्या. त्या दिवशी घरी येऊन यांनी मशीन ड्रॉवरमध्ये टाकलं, आणि त्याच्यासोबत जीभही टाकली म्हणा ना. दोन वर्षं. हो म्हणजे मान खाली, नाही म्हणजे मान आडवी. आमटीत मीठ नसलं तरी तसंच खायचे. पाणी हवं असलं तर स्वतः उठून घ्यायचे, मागायचे नाहीत.

मग एकदा औरंगाबादला कानाच्या डॉक्टरकडे गेलो. तिथं बाहेरच्या खोलीत खाऱ्या पाण्याचा टँक होता. हे त्याच्यापुढे उभे राहिले ते आमचा नंबर येऊन गेला तरी हलेनात. परतताना बसस्टँडच्या बाकड्यावर अचानक म्हणाले, "आपल्याकडे होईल का गं तसं?"

मला क्षणभर कळेचना कोण बोललं. त्यांनी हत्ती मागितला असता तरी मी हो म्हटलं असतं.

आणि हेही मला त्याच बाकड्यावर कळलं होतं, की हे जर बिनसलं तर हा माणूस पुन्हा काही मागणार नाही. माशांची काळजी मला तेव्हाही नव्हती. मला या माणसाची होती.

औरंगाबादच्या नदीमभाईंचं माशांचं दुकान होतं. यांना फोनवर ऐकू येत नसल्यामुळे मधली दलाल मी. हे कागदावर प्रश्न लिहून द्यायचे, मी कचेरीच्या जिन्यात उभी राहून नदीमभाईंना विचारायचे आणि उत्तर लिहून आणायचे. नदीमभाई सज्जन माणूस, पण बोलायला लागले की थांबायचे नाहीत.

"ताई, गोड्या पाण्याचे मासे म्हणजे शेळी पाळण्यासारखं. हे खारं पाणी म्हणजे ताई, पोटुशी बाई सांभाळायची. घाई नाही करायची."

"किती दिवस?"

"दगडांवर बारीक जीव असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. घाण तेच खातात. ते वाढेपर्यंत मासा टाकला की मेला. सहा आठवडे धरून चाला."

मीठसुद्धा साधं चालत नाही. टँकचं खास मीठ पोत्यातून आलं, तेव्हा आत्याबाई उंबऱ्यात बसून बघत होत्या. "समिंदराला मीठ इकत आणायलंय माझं लेकरू. म्या म्हनते, घरात बरणी भरून हाय की!"

यांनी मात्र एक दगड इकडचा तिकडे होऊ दिला नाही. बादलीत पाणी, त्यात तोलून मीठ, मग खारेपणा बघायचा काटा बुडवायचा. जास्त झालं की थोडं काढायचं, पुन्हा ढवळायचं. सळीची जाडी सुताच्या हिशेबात मोजणारा माणूस, त्याला हे जमलं. रोज सकाळी नळीत पाणी घ्यायचे, थेंब टाकायचे आणि रंग बघायचे. हिरवा म्हणजे वाईट, पिवळा म्हणजे चांगला. एके दिवशी मी पोळ्या लाटत होते तर हे दारात उभे. कानात मशीन.

"आज पिवळा," म्हणाले.

एवढंच. पण तव्यावरची पोळी करपली.

मग दोन शब्दांचे चार झाले, चाराचे दहा. पाणी उडतं पण मीठ उडत नाही, म्हणून टँकमध्ये रोज जे वरून घालायचं ते गोडं पाणी, आणि तेही फक्त कोपऱ्यावरच्या प्लांटचं, शुद्ध केलेलं. आमच्या उन्हाळ्यात रोज दोन-तीन लिटर पाणी उडायचं. काचेवर यांनी लाल चिकटपट्टीची रेघ मारली होती. तिथवर भरायचं. हे सगळं यांनी मला जेवताना समजावून सांगितलं. मला त्यातलं अर्धं नको होतं, तरी मी सगळं ऐकून घेतलं.

मासे आले ते गुढीपाडव्याच्या आधल्या दिवशी. दोन नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे. चार गोगलगायी, काच साफ ठेवायला. आणि एक लाल पाठीचा, लांब मिशांचा झिंगा.

आत्याबाईंनी चष्मा वर केला. "ह्यो झिंगा न्हाई का? खायचा का पाळायचा?"

हे मोठ्यानं हसले. मग यांनी बाही वर करून हात पाण्यात धरला. मिलमधल्या जुन्या भाजल्याचे डाग होते त्या हातावर. झिंगा दगडाआडून आला, हातावर चढला आणि बोटांच्या नखांतली घाण टोकरायला लागला, अगदी न्हाव्यासारखा.

"अगं मंदा! इकडे ये! बघ, बघ काय करतोय!" हे ओरडले. पार शेखबाईंच्या स्वयंपाकघरापर्यंत गेलं असेल. कुणी हसलं नाही. मी पीठभरल्या हातांनी बघत उभी राहिले आणि मला रडू आलं, डोळे मी पदरानं पुसले.

हे इथंच थांबलं असतं तर बरं होतं.

वैशाखात यांनी प्लांटवरून वीस लिटरचा जार उचलून आणला आणि कंबर धरली. डॉक्टरांनी तीन आठवडे पडून राहायला सांगितलं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. म्हणजे आता माझ्या वाट्याला यांचं पथ्यपाणी, आत्याबाईंच्या गोळ्या, कचेरी, आणि वर समुद्र. हे दिवाणावर टँककडे तोंड करून पडायचे आणि तिथून सूचना द्यायचे. दोन दिवसांआड प्लांटवर जाऊन, पाच लिटरचा लहान जार गाडीच्या पुढ्यात ठेवून, दोन पायांत धरून आणायचा. बेचाळीस डिग्री उन्हात.

एका सकाळी जार रिकामा निघाला. मी प्लांटवर गेले तर वीज नव्हती, कुलूप. परत आले. साडेनऊ वाजत आलेले. टँकमधलं पाणी रेघेच्या दोन बोटं खाली. ओट्यावर आत्याबाईंची तांब्याची कळशी होती. रोज चिंचेनं घासून, फडक्यानं गाळून, रात्री भरून ठेवायच्या. पोटाला चांगलं असतं म्हणून त्याच पाण्याचा त्यांचा आग्रह. मी त्यातून प्लॅस्टिकचा मग दोनदा भरला आणि टँकमध्ये रिकामा केला. हे तेव्हा आंघोळीला गेले होते. अहो, पिण्याचंच पाणी, त्यात काय एवढं?

दुसऱ्या दिवशी प्लांट उघडा होता. पण मी गेले नाही. खोटं कशाला सांगू? मला जावंसं वाटलं नाही. कळशी हाताशी होती, यांची आंघोळीची वेळ ठरलेली होती, आणि प्लांटच्या खेपेची वीस मिनिटं वाचत होती. त्या वीस मिनिटांत मी मागच्या ओट्यावर नुसती बसायची. दोन आठवडे मी असं केलं. यांनी विचारलं, "प्लांटचंच ना?" की मी मान खाली घालायची. यांचीच सवय मला लागली होती.

आधी गोगलगायी गेल्या. एक काचेवरून सुटून उताणी पडली, मग दुसरी. चार दिवसांत चारही. हे कंबर धरून उठून बसले. नळ्या काढल्या, थेंब टाकले. सगळे रंग पिवळे. "सगळं तर ठीक आहे," असं तीन-तीनदा म्हणाले. शनिवारी झिंगा वेडावाकडा उड्या मारायला लागला, काचेवर आपटला आणि दुपारपर्यंत वाळूत आडवा झाला. मासे मात्र मजेत फिरत होते, जणू काही झालंच नाही.

यांनी झिंगा जाळीनं काढून तळहातावर घेतला. बराच वेळ बघितलं. मग कानातलं मशीन काढलं, ड्रॉवर उघडला, आत ठेवलं आणि ड्रॉवर बंद केला.

मी फोन घेऊन मागच्या ओट्यावर गेले.

"मासे जिवंत आहेत?" नदीमभाईंनी विचारलं.

"हो. बाकीचे सगळे गेले."

"मग तांबं, ताई. तांब्यानं माशाला लगेच काही होत नाही, पण झिंग्याला, गोगलगायीला विष आहे ते. तांब्याच्या भांड्यातलं पाणी कुणी घातलंय का?"

खिडकीतून मला आत्याबाईंची कळशी दिसत होती.

"घातलं असेल तर ते दगड, वाळू सगळं फेकावं लागेल. दगडात तांबं मुरतं. पुन्हा पहिल्यापासून करायचं, सहा आठवडे. ताई? आहात का?"

मी आत आले. सांगायचं असं ठरवूनच आले होते, खरंच. पण मशीन ड्रॉवरमध्ये, म्हणून कागद घेतला आणि त्यावर लिहिलं, 'पाण्यात तांबं गेलं. सगळं नव्यानं करावं लागेल.' पुढे 'मी' लिहायला घेतलं, आणि यांनी तेवढ्यात कागद ओढून घेतला. वाचला. उठले. भिंत धरत स्वयंपाकघरात गेले आणि कळशीसमोर उभे राहिले. आत्याबाई खाली बसून गवार निवडत होत्या.

"कुणी घातलं?" हे म्हणाले. हळू म्हणायचं असेल त्यांना, पण आवाज मोठाच निघाला.

मी पुढे झाले. तोंड उघडलं.

"म्या घातलं," आत्याबाई म्हणाल्या. वर बघून, छातीवर हात ठेवून, म्हणजे यांना ऐकू आलं नाही तरी कळावं. "रोज घालत व्हते. चांगलं पानी म्हनून."

आणि हे फुटले.

मी लग्नाला तेवीस वर्षं झालेली बाई, पण असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "तुला कुणी सांगितलं होतं? कुणी सांगितलं? सगळं तुझ्याच मनानं! आयुष्यभर तुझ्याच मनानं!" खिडकीची काच थरथरली. शेखबाई आणि त्यांचे यजमान शेखसर दारात येऊन उभे राहिले. मी हातानंच त्यांना थांबा म्हटलं.

"अण्णा गेले तेव्हा मला आयटीआयला जायचं होतं! फॉर्म भरला होता मी! तू म्हणालीस, मिलमध्ये जा, घर कोण चालवणार? अठरा वर्षांचा होतो मी! कान गेले माझे! तुझ्यामुळे गेले! चार माणसांत बोलता येत नाही मला, लोक हसतात, आणि आता एक गोष्ट, एक गोष्ट मी माझी म्हणून केली..."

बरंच काही बोलले. काही शब्द इथं लिहीत नाही. आत्याबाई मांडी घालून तशाच बसल्या होत्या, हातात गवारीची शेंग. एकदाही 'अरे' म्हणाल्या नाहीत. मान वर करून लेकाच्या तोंडाकडे बघत होत्या, जणू तो किती वर्षांनी परगावाहून आलाय.

शेवटी यांचा दम सरला. हे बाहेर जाऊन दिवाणावर पडले, भिंतीकडे तोंड करून.

मी खाली बसले. "आत्याबाई, ते मी..."

"ठाव हाय मला." त्यांनी शेंग मोडली. "माझी कळशी रोज सकाळी अर्धी कशी व्हती, एवढं कळंना व्हय मला?"

"मग का बोललात? मी सांगते त्यांना, आत्ताच्या आत्ता."

"गप बस." त्यांनी माझं मनगट धरलं. त्या बोटांत तेवढी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं. "तुझं नाव घेतलं असतं तर तो एक सबूद बोलला नसता. बायकूवर ओरडायची लाज असती त्याला. दिसभर राबून येतीस, हे त्याला दिसत न्हाई का? गिळलं असतं त्यानं. पुन्हा दोन वर्सं. आईवर ओरडायला लाज लागत न्हाई."

"पण केवढं बोलले तुम्हांला."

"खरं हाय त्याचं. म्याच धाडलं व्हतं मिलात." पुढची शेंग घेतली. डोळे भरले होते, पण आवाज स्वच्छ. "तीस वर्सं पोटात ठिवलं व्हतं लेकरानं. निघू दे. माझ्या जिवाची आण हाय मंदा तुला, सांगायचं न्हाई."

मी त्या दिवशी तशीच बसून राहिले. मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याची शरमही वाटली. माझ्या आळसाला त्या बाईनं 'चांगलं पानी' असं नाव दिलं होतं, आणि मी ते घेतलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी उठून बाहेर आले तर हे कंबरेला पट्टा बांधून टँकसमोर. एक नळी टँकमध्ये, दुसरं टोक बादलीत, आणि पाणी उपसणं चाललं होतं. मासे एका टोपात काढून ठेवले होते. दगड बाहेर वर्तमानपत्रावर. मला बघून यांनी कानाला हात लावून दाखवला. मशीन होतं.

"नदीमभाईंना फोन लाव," म्हणाले. "विचार, नवे दगड कधी मिळतील. आणि मासे तोवर दुकानात ठेवतील का."

"सहा आठवडे लागतील पुन्हा," मी म्हणाले.

"लागू देत."

त्या दिवसापासून हे बोलायचे थांबले नाहीत. शेखसरांशी बोलतात, पोस्टमनशी बोलतात, जरा जास्तच बोलतात. आता मीच कधीकधी म्हणते, पुरे हो.

आत्याबाई जाऊन सात वर्षं झाली. शेवटच्या आजारपणात यांनी त्यांचे पाय दाबले, अंग पुसलं, सगळं केलं. पण त्या शनिवारची माफी मागायची राहून गेली. एकदा सुरुवात केली होती, तर त्या म्हणाल्या, "कवाचं काय काढायलास?" आणि कूस बदलली.

तेव्हापासून दर वर्षी त्यांच्या तिथीला यांचं तेच. पानं उठली की टँकसमोर बसायचं आणि म्हणायचं, एका झिंग्यापायी मी आईला काय काय बोललो. मला दर वर्षी सांगावंसं वाटतं. पण काय सांगू? की ती बाई निर्दोष होती? ज्या आईवर ओरडल्याचं यांना इतकं लागलंय, तिनं ते केलंच नव्हतं, हे ऐकून यांचं दुःख कमी होईल का? आत्याबाई होत्या तोवर सांगता आलं असतं. तेव्हा आण होती. आता आण घालणारी नाही, आणि मला सांगता येत नाही. दमले मी हे वाहून.

या वर्षीही जेवणं झाली, माणसं गेली. हे स्टुलावर बसले. मी खाली चटईवर पाय पसरून बसले होते.

"मंदा," हे पाण्याकडे बघत म्हणाले, "एक सांगू? त्या दिवशी आईच्या जागी तू असतीस ना, तर मी एक शब्द बोललो नसतो. टँक विकून टाकला असता आणि गप्प बसलो असतो. मेलो असतो गं मी तसाच."

"माहीत आहे मला," मी म्हणाले.